पॅसेंजर गाडीने संमेलनाला



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे वक्त्याने काहीतरी विद्वत्तेचे बोलावे, असा आपला संकेत आहे. आम्ही विद्वान नाही. आम्ही वालावलचे, म्हणजे कुडाळ तालुक्यातल्या कर्ली नदीकाठच्या एका खेड्याचे रहिवासी. लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि त्याला लागून असलेले मोठे तळे, एवढीच आमच्या गावाची बाहेर ओळख. साहित्य हा आमचा धंदा नव्हे. ती आमची हौस आहे. कुणी टपाल तिकिटे जमवितो, कुणी बुद्धिबळाच्या पटामागे रात्री जागवितो, तसे आम्ही चौघे पुस्तकांमागे लागलेले आहोत. चौघांपैकी एक निवृत्त मास्तर, एक पोस्टात नोकरी करून घरी बसलेले, एकाचे किराणा मालाचे दुकान आणि चौथे आम्ही. २०२५ सालच्या फेब्रुवारीत आम्ही चौघे दिल्लीच्या साहित्य संमेलनाला जाऊन आलो. त्यातला कोकणातला रस्ता पॅसेंजर गाडीने केला. त्या प्रवासाविषयी आज बोलावयाचे आहे.

आपण म्हणाल, संमेलनाविषयी बोला, गाडीविषयी काय बोलावयाचे? परंतु आमचे म्हणणे हेच आहे की, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ही व्याख्यानमाला पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. त्याच रानड्यांनी लोकहितवादींच्या जोडीने १८७८ साली पुण्यातच ग्रंथकारांची सभा बोलावली. आजच्या साहित्य संमेलनाचा तो आरंभ. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १८६३ साली, बोरघाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग पुरा झाला होता. मुंबईच्या माणसाने सकाळी निघावे आणि त्याच दिवशी पुण्यात सभेस बसावे, ही गोष्ट तेव्हा शक्य झाली. पुढे संमेलन महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून गेले ते कुठे कुठे गेले पाहा : १९०९ साली बडोदे, १९१७ साली इंदूर, १९२८ साली ग्वाल्हेर, १९३१ साली हैदराबाद. ही सारी आगगाडीने जोडलेली गावे. मराठी माणूस जिथे जिथे पोटासाठी वा पराक्रमासाठी गेला, तिथे त्याच्या मागोमाग पुस्तके गेली हे खरे. पण पुस्तकांवर बोलणारी माणसे एकत्र आली ती रुळांवरून.

कोकणाची गोष्ट वेगळी. मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ साली धावली. आमच्या कुडाळला गाडी दिसावयास विसावे शतक सरत आले. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी वाहतुकीस खुला झाला. मधली वर्षे मोजा, एकशेपंचेचाळीस होतात! या गाडीसाठी बॅरिस्टर नाथ पै झटले, मधू दंडवते झटले, जॉर्ज फर्नांडिसांनी रेल्वेमंत्री असताना ती मार्गी लावली, आणि ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ती बांधून झाली. यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. एक नाव मात्र आम्हांस मुद्दाम घ्यावयाचे आहे, कारण ते आडनाव आमच्या गावावरून पडलेले आहे : अ. ब. वालावलकर. कोकणात आगगाडी यावी हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. ज्यांना हौस म्हणजे रिकामपणाचा उद्योग वाटतो, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. एका माणसाचे वेड पुरेसे चिवट असेल, तर त्याचे पुढे रूळ होतात.

गाडी नसताना कोकणात संमेलने झालीच नाहीत, असे नव्हे. १९४० साली रत्नागिरीस ना. सी. फडके अध्यक्ष होते, आणि १९५८ साली आमच्या मालवणास कवी अनिल. त्या वेळी मुंबईची मंडळी बोटीने आली, घाटावरची कोल्हापूर-बेळगावपर्यंत गाडीने येऊन पुढे मोटारीने घाट उतरली. आमचे मास्तर तेव्हा दहा वर्षांचे होते. वडिलांचे बोट धरून ते होडीने कर्ली ओलांडून धामापूरच्या वाटेने मालवणास गेले. मांडवात शिरण्यास मिळाले नाही. बापलेक बाहेर एका माडाखाली बसले आणि कर्ण्यातून येणारे बोलणे ऐकत राहिले. काय ऐकले ते मास्तरांना आज आठवत नाही. वडिलांनी येताना एक पुस्तक विकत घेऊन दिले, तेवढे आठवते. त्या दिवसापासून मास्तरांना ही हौस जडली, आणि मांडवाच्या आत बसावे ही इच्छाही राहिली. दिल्लीचे संमेलन ठरले तेव्हा मास्तर सत्त्याहत्तर वर्षांचे होते. ते म्हणाले, "आता नाही गेलो तर राहिलेच." म्हणून आम्ही निघालो.

पुण्याहून त्या संमेलनासाठी १९ फेब्रुवारीस एक खास गाडी सुटावयाची होती, आणि तीत वाटेवरच संमेलन भरणार होते. आमची वाट निराळी. आम्ही १८ तारखेस सकाळी कुडाळ स्टेशनावर सावंतवाडी-दिवा पॅसेंजर धरली. ज्यांनी या गाडीने कधी प्रवास केला नाही त्यांस सांगावयास हवे की, ही गाडी कुणाचाही अनादर करीत नाही. लहानमोठ्या स्टेशनांवर ती थांबते. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. त्यामुळे समोरून वा मागून मोठी गाडी आली की आमची गाडी बाजूच्या रुळावर निमूटपणे उभी राहते. मोठी गाडी धूळ उडवीत निघून जाते, आणि मग आमची गाडी, लग्नघरातल्या गरीब नातेवाइकासारखी, हळूच पुढे सरकते. सकाळी निघालेला माणूस रात्री दिव्याला पोचतो. आरक्षण नाही, आसनक्रमांक नाही. जो आधी बसला त्याने सरकून दुसऱ्याला जागा द्यावयाची, हाच तिथला कायदा.

आम्ही सरकलो, आणि आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या. जन्मभर मासळी विकलेल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी चिपळूणला निघाल्या होत्या. मास्तरांना त्यांनी ओळखले, कारण त्यांचा मुलगा मास्तरांच्या हाताखाली शिकलेला. मग संभाषण झाले ते असे :

"मास्तरांनू, खंय चललास सगळे?"

"दिल्लीक."

"अरे बापरे, दिल्लीक? कित्याक?"

"मराठी साहित्याच्या संमेलनाक."

"थंय काय करतत?"

"मोठमोठे लेखक येतत, बोलतत."

बाईंनी थोडा विचार केला आणि विचारले, "आणि वाचतत कधी?"

डब्यातले सगळे हसले. आम्हीही हसलो. पण हसू ओसरल्यावर तो प्रश्न आमच्या मांडीला मांडी लावून बसला, तो दिल्लीपर्यंत उठला नाही.

पुढे कणकवली गेली, राजापूर रोड गेले. पानवळच्या उंच पुलावरून गाडी जाऊ लागली तशी बाईंनी डोळे मिटून हात जोडले. पूल चौसष्ट मीटर उंच आहे ही माहिती पोस्टातल्या गृहस्थांनी त्याच वेळी सांगितली, ती सांगावयास नको होती! रत्नागिरीनंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा लागला. त्या अंधारात बोलणे आपोआप निराळ्या वाटेला लागते. बाई म्हणाल्या, "माझ्या आवशीक जात्यावरची इतकी गाणी येय होती, ही गाडी दिव्याक पोचली आसती तरी सपली नसती."

मास्तरांनी विचारले, "ती कोणी लिवन घेतली काय?"

"कोण लिवन घेतलो? लिवणारे सगळे संमेलनाक गेल्ले."

यावर मात्र कुणी हसले नाही. बाईंनी टोमणा मारला नव्हता. जे घडले ते त्यांनी सांगितले होते. आम्हांस आठवण झाली ती जोतीराव फुल्यांची. १८८५ साली पुण्यास ग्रंथकारांची दुसरी सभा भरली, तेव्हा जोतीरावांना निमंत्रण गेले होते. त्यांनी येण्याचे नाकारले आणि पत्र लिहून कारण कळविले. ज्या बहुजनांची सुखदुःखे तुमच्या ग्रंथांत नाहीत, त्यांना तुमच्या सभेत येऊन काय मिळणार, असा त्या पत्राचा आशय होता. एकशेचाळीस वर्षांनी त्याच आशयाचा प्रश्न आमच्या डब्यात एका बाईने विचारला, आणि तिने जोतीरावांचे नावही कदाचित ऐकलेले नसेल. मांडवात असा प्रश्न विचारावयाचा तर आधी नाव द्यावे लागते, अध्यक्षांची परवानगी घ्यावी लागते, वेळेची घंटा वाजते. पॅसेंजर गाडीत त्याला फक्त जागा लागते, आणि जागा सरकून होते.

बाई चिपळूणला उतरल्या. उतरताना आमच्या हातावर घरच्या काजूची पुडी ठेवून गेल्या. आम्ही रात्री दिव्यास उतरलो आणि डोंबिवलीस एका नातेवाइकाकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्याणला पंजाब मेल धरली. ही गाडी १९१२ सालापासून धावते आहे. ती पॅसेंजर नव्हे, परंतु तिचा मार्ग आम्हांस फार उपयोगी पडला. किराणा दुकानदार मित्राच्या खिशात एक वही होती. तीत त्यांनी आजवरच्या सर्व संमेलनांची गावे, वर्षे आणि अध्यक्ष उतरून ठेवले होते. हौस म्हणजे आणखी काय असते? ती वही उघडली, आणि आमच्या ध्यानात आले की घर सोडल्यापासून आम्ही संमेलनांच्याच वाटेने चाललो होतो. मालवण १९५८ मागे राहिले. रत्नागिरी १९४० व १९९०, चिपळूण २०१३, डोंबिवली २०१७ ही गावे झाली. पुढे नाशिक येणार होते, तिथे १९४२ साली आचार्य अत्रे अध्यक्ष होते आणि २०२१ साली जयंत नारळीकर. मध्यरात्रीनंतर जळगाव येणार होते, तिथे १९३६ साली माधव जूलियन. जळगावला मास्तर जागे झाले, फलाटाकडे पाहून त्यांनी नमस्कार केला आणि पुन्हा आडवे झाले. कुणाला हे हास्यास्पद वाटेल. आम्हांस तसे वाटले नाही.

उजाडल्यावर इटारसी, भोपाळ झाले आणि दुपारी ग्वाल्हेर आले. १९२८ सालच्या ग्वाल्हेरच्या संमेलनाचे अध्यक्ष लोकनायक बापूजी अणे. पण आमची नजर वहीतल्या दुसऱ्या नोंदीवर होती : १९६१, कुसुमावती देशपांडे. संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. आणि १९५८ साली मालवणास अध्यक्ष असलेले कवी अनिल हे त्यांचे पती. दहा वर्षांच्या मास्तरांनी माडाखाली बसून अनिलांचा आवाज ऐकला होता. आता त्यांच्या पत्नीचे संमेलन जिथे झाले त्या गावाच्या फलाटावर मास्तर चहा घेत उभे होते. त्याच वर्षी, १९६१च्या नोव्हेंबरात, कुसुमावती वारल्या. हे सारे पुस्तकांत वाचावयास मिळते, हे खरे. परंतु मधले शेकडो कोस अंगावरून गेल्याशिवाय ते असे उमगत नाही. विमानाने गेलेला माणूस दिल्लीला आमच्या आधी पोचतो, पण वाटेतली ही वर्षे त्याला लागत नाहीत.

दिल्लीचे संमेलन २१ ते २३ फेब्रुवारीस तालकटोरा स्टेडियममध्ये झाले. ते अठ्ठ्याण्णवावे. दिल्लीतले आधीचे संमेलन १९५४ सालचे. त्याचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि उद्घाटक पंडित नेहरू. मधे सत्तर वर्षे गेली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, त्यामुळे वातावरणात उत्साह होता. अध्यक्ष होत्या डॉ. तारा भवाळकर, संमेलनाच्या इतिहासातल्या सहाव्या महिला अध्यक्ष. त्यांचे सारे आयुष्य लोकसाहित्याच्या अभ्यासात गेले. जात्यावर गाणाऱ्या, लिहिता न येणाऱ्या बायकांनी किती विचार केलेला आहे, हे त्या आयुष्यभर सांगत आल्या. मास्तर मांडवाच्या आत बसले होते, मागून चौथ्या की पाचव्या रांगेत, साठ वर्षांहून अधिक काळ मनात धरलेली इच्छा पुरी होऊन. आम्ही त्यांच्याकडे पाहिले. वाटले, डोळ्यांत पाणी असेल. त्यांनी आमच्या कानाशी तोंड आणून विचारले, "त्या बाईचा पत्ता घेतलास का?"

पत्ता घेतला नव्हता. श्रोतेहो, या प्रवासातली आमची चूक कोणती, असे कुणी विचारले तर ती ही. आम्ही अध्यक्षांची नावे वहीत जपून नेली, आणि ज्या बाईजवळ तिच्या आईची चार गाणी तरी निघाली असती, तिला चिपळूणच्या फलाटावर हात हालवून निरोप दिला.

आता आमच्या बोलण्याचे सार सांगतो. संमेलनांवर दरवर्षी टीका होते. खर्च फार, मानापमान फार, राजकारण्यांची गर्दी फार, अशी ती टीका असते. तीत तथ्य असेल. परंतु टीका करणारा आणि स्तुती करणारा, दोघेही व्यासपीठाकडे तोंड करून बसलेले असतात. आमचे म्हणणे असे की, संमेलन व्यासपीठावर होतेच, पण त्याहून अधिक ते वाटेवर होते. हौस ही एकट्या माणसाजवळ असली की वेड ठरते. चार माणसांत गेली की ती छंद होते. आणि ज्याला ती हौस नाही अशा माणसाशेजारी बारा तास बसावे लागले, की मग तिचा खरा कस लागतो. मांडवात आम्हांला आमच्यासारखेच भेटतात. गाडीच्या डब्यात मात्र "वाचतत कधी?" असे विचारणारा माणूस भेटतो. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या साहित्याजवळ नाही, त्याला अभिजात दर्जा मिळूनही काय उपयोग?

म्हणून सावकाश चालणाऱ्या गाड्यांविषयी आम्हांस आस्था आहे. ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. मास्तरांनी दिल्लीपर्यंत पूर्ण भाडे भरले. तरीही पॅसेंजरचे तिकीट गरिबाला परवडते. वेगवान गाड्या हव्यातच. आजारी माणसाला, नोकरीच्या माणसाला त्या हव्यात. परंतु लहान स्टेशनांवर थांबणारी गाडी राहिली पाहिजे, कारण खेड्यातला माणूस जगाकडे निघतो तो तिथून. एकशेपंचेचाळीस वर्षे वाट पाहिलेल्या प्रदेशाला हे सांगण्याचा अधिकार आहे, असे आम्ही समजतो.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आमच्या प्रवासाला गावातल्या लोकांनी थोडे थोडे पैसे दिले होते. त्यामुळे परत आल्यावर हिशेब देणे भाग होते. पैशांचा आणि पाहिल्या-ऐकल्याचाही. एका रात्री आम्ही गावकऱ्यांना सारे सांगितले. दिल्लीची थोरवी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. पण बाईंचा प्रश्न सांगितला तेव्हा बसलेली माणसे पुढे सरकली. तेथेच ठरले की आठवड्यातून एक संध्याकाळ कुणीतरी मोठ्याने वाचावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आपल्याजवळचे सांगावे. आम्ही ते उतरून घ्यावे. किराणा दुकानदाराची वही आता उलट्या बाजूने भरत चालली आहे. पुढच्या बाजूने अध्यक्षांची नावे आहेत, मागच्या बाजूने ओव्या. पहिली ओवी मास्तरांच्या वहिनींनी सांगितली. घरातच होत्या; मास्तरांनी कधी विचारले नव्हते.

प्रत्येक गावाने, प्रत्येक वाचनालयाने, वर्गणी काढून दोन माणसे तरी संमेलनास धाडावीत, अशी आमची सूचना आहे. ती माणसे लेखक नसावीत, हौशी असावीत. त्यांनी शक्य तेथवर पॅसेंजरने जावे. आणि जाताना एक कोरी वही जवळ ठेवावी. शेजारी कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही.

चिपळूणकडची कुणी मंडळी इथे असतील, तर सभा संपल्यावर त्यांनी आम्हांस जरूर भेटावे. आम्ही अजून पत्ता शोधतो आहोत.